चिमणी बोलायच्या आत

ज्योत्स्नाच्या डोकेदुखीवर वाशिमच्या डॉक्टरीणबाईंनी झोप लिहून दिली. झोपेची गोळी नव्हे, नुसती झोप. सगळी कटकट तिथूनच सुरू झाली. सकाळची एसटी धरून, दोन तास दवाखान्याच्या बाकावर बसून आणायचं काय, तर एक कागद. त्यावर डोकं उठल्यावर घ्यायच्या गोळ्यांचं एक नाव आणि खाली सगळं झोपेचं. रोज रात्री दहाला झोपायचं, सकाळी सहाला उठायचं. रविवार असो, सण असो, वेळ बदलायची नाही. चारनंतर चहा नाही, अंथरुणात मोबाईल नाही. आणि एका वहीत रोज लिहायचं, किती वाजता झोपलात, किती वाजता उठलात, डोकं दुखलं का.

"तुमच्याकडे अर्धशिशी म्हणतात ना, तीच ही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कोणाची उन्हाने उठते, कोणाची उपाशी राहिल्याने. तुमची झोप मोडल्याने उठत असावी असं मला वाटतं. दोन महिने मी सांगते तसं करून बघा. सध्या झोपता किती वाजता?"

ज्योत्स्नाला हसूच आलं. ती गावातल्या अंगणवाडीची सेविका होती. लेकरांची हजेरी, वजनं, आहार, गरोदर बायांच्या तारखा, सगळं मोबाईलमध्ये भरायचं, आणि गावात नेटवर्क यायचं ते रात्री अकरानंतर, तेही गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला पाठ लावून उभं राहिलं तर. ते संपेपर्यंत बारा. नळाला पाणी यायचं आठ दिवसांनी, पण कोणत्या दिवशी किती वाजता, हे पाणी सोडणाऱ्यालाही आधी माहीत नसायचं. आणि नवऱ्याची, भागवतची, शेतात गव्हाला पाणी द्यायची तऱ्हा तर वेगळीच. एक आठवडा वीज दिवसा, एक आठवडा रात्री. रातची लाईन असली की तो मध्यरात्री उठून मोटार चालू करायला जायचा आणि जाताना अख्ख्या घराला आपण जातो आहोत हे कळवून जायचा.

डोकं दुखणं म्हणजे नुसतं दुखणं असतं तर अकरा वर्षं जसा तिने दवाखाना पाहिला नव्हता, तसा अजूनही पाहिला नसता. पण हे दुखणं वेगळंच होतं. आधी डाव्या डोळ्यापुढे चकाकणारी नागमोडी रेघ यायची, समोरच्या लेकराचा अर्धा चेहरा दिसायचा, अर्धा गायब. मग अर्ध्या तासात डोक्याची डावी बाजू ठणकायला लागायची. टिनावरचं ऊन, लेकरांचा गलका, शिजत्या खिचडीचा वास, काहीच सोसायचं नाही. ओकारी व्हायची. दिवस जायचा, कधी दुसराही जायचा. दिवाळीच्या आधी अशा दुखण्यापायी अंगणवाडी दोनदा बंद राहिली. दुसऱ्या वेळी मदतनीस रामीबाईने लेकरं घरी पोचवून कुलूप घातलं आणि नेमक्या त्याच दुपारी सुपरवायझर मॅडम आल्या.

मॅडम वाईट नव्हत्या. पण त्यांनी सरळच सांगितलं, "पुन्हा कुलूप दिसलं तर मला नोटीस काढावी लागेल, ज्योत्स्नाताई. कारणाच्या रकान्यात डोकं दुखलं असं लिहून चालत नाही."

अंगणवाडी ही त्या घरात ज्योत्स्नाच्या स्वतःच्या नावाची एकुलती एक गोष्ट होती. शेत भागवतच्या नावावर, घर सासूच्या. अंगणवाडीच्या भिंतीवर मात्र तिचं नाव रंगवलेलं होतं, आणि दरवर्षी रंग उडाला की ती स्वतः ब्रश घेऊन ते गिरवायची. तिथे दुसऱ्या कोणाचं नाव आलेलं तिला पाहवलं नसतं. म्हणून तिने वही केली आणि झोपायला लागली.

आता एक बाई ठरवून दहाला झोपणार म्हटल्यावर गावाला काय काम मिळालं हे सांगायला नको. "सुनेले डॉक्टरनं झोपाले सांगतलं म्हने," असं शेजारीण नळावर बोलली, आणि संध्याकाळपर्यंत तीन बाया त्याच डॉक्टरचा पत्ता विचारून गेल्या. मोबाईलचं काम ज्योत्स्नाने हलवलं. दुपारी अंगणवाडी सुटल्यावर ती चालत शिरपूरच्या रस्त्यावरच्या पुलापर्यंत जायची, तिथे दिवसाही नेटवर्क होतं. रामीबाई सोबतीला यायची आणि सगळं भरून होईपर्यंत पुलावर बसून तंबाखू मळायची. नळाचं पाणी भरायचं काम तिने भागवतच्या गळ्यात घातलं. हे सगळं जमलं, पण भागवत काही जमेना.

तो मनाने गरीब माणूस. बायको बरी व्हावी अशी त्याची मनापासून इच्छा होती, आणि म्हणूनच तो साडेदहाला दारात येऊन, लाईट लावून, हळूच विचारायचा, "झोपली का वं?"

"झोपली होती," ज्योत्स्ना म्हणायची.

"मंग झोप ना. तुले कोनी धरलं?"

असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी तिने उशी उचलून त्याच्या अंगावर टाकली आणि विजेच्या बटणावर चिकटपट्टी लावली. त्यानंतर तो अंधारात, दारात उभा राहून नुसता श्वास घ्यायचा. तिने ते पत्करलं.

खरी अडचण होती सासू. गोजराबाई साठीच्या पुढची, उंच, काटक बाई, कपाळावरून मागे घट्ट आवळून बांधलेलं पांढरं फडकं. ज्योत्स्ना लग्न होऊन आली तेव्हापासून ते फडकं तसंच होतं, उन्हाळ्यात सुद्धा. वारं लागू नये म्हणून, असं ती सांगायची. इतक्या वर्षांत ते कोणाच्या नजरेतच येईनासं झालं होतं. गोजराबाई पहाटे चारला उठायची, सडा टाकायची, म्हशीचं शेण काढायची, पाचला धार काढायची. अधूनमधून तिचा एखादा दिवस असा यायचा की भांडी आपटायची, कुत्र्याला शिव्या, माणसांना शिव्या, कोणी मोठ्याने बोललं तर अंगावर धावून यायची. घरात त्याला नावच होतं, "आज आईचा वार आहे." भागवत त्या दिवशी जेवायला सुद्धा शेतातून यायचा नाही.

सुनेला अर्धशिशी आहे हे डॉक्टरच्या तोंडून कळल्यावर गोजराबाईने कागदाकडे पाहिलं सुद्धा नाही. "मंग पयलेच सांगतलं नाई काहून? तिचा उपाय हाये माह्यापाशी."

उपाय असा. रविवारी पहाटे, चिमणी बोलायच्या आत, दुधात भिजवलेली जिलेबी खायची. उंबरठ्यावर उभं राहून, उगवतीकडे तोंड करून. उठवणारीने बोलायचं नाही, खाणारीने बोलायचं नाही, पायाचा अंगठा हलवून उठवायचं. असे पाच रविवार, लागोपाठ. एक चुकला की पुन्हा एकपासून.

पहिल्या रविवारी ज्योत्स्नाला यातलं काहीच माहीत नव्हतं. साडेचारला कोणीतरी अंगठा धरून हलवलं तेव्हा ती घाबरून ओरडलीच असती. अंधारात सासू उभी, हातात वाटी, तोंडावर बोट. थंडीत कुडकुडत उंबरठ्यावर उभं राहून तिने ती गिळली. म्हातारीने काल संध्याकाळी भागवतला खास शिरपूरला पिटाळून जिलेबी आणवली होती, हे मागाहून कळलं. आता एवढ्या मायेने कोणी करतं, तर एक दिवस झोप मोडली म्हणून काय बोलायचं? ती पुन्हा अंथरुणात गेली, पण झोप गेली ती गेलीच. दुपारी डोळ्यापुढे रेघ आली.

दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी गोजराबाईला थोडा उशीर झाला. ज्योत्स्नाने पहिला घास तोंडात घातला आणि बाहेर निंबावर काहीतरी चिवचिवलं. गोजराबाईने वाटी खाली ठेवली आणि अट मोडली तसं तोंडही उघडलं.

"बोलली चिमनी. गेला हा इतवार. आता पुन्यांदा एकपासून."

"आई, ती चिमणी नव्हती. दुसरा कोणता तरी पक्षी होता," ज्योत्स्ना म्हणाली. कीव यावी असा युक्तिवाद होता, पण पहाटे पावणेपाचला माणसाला दुसरं सुचत नाही.

"चिमनी बोलो का कावळा. बोललं न कोनी?"

"सूर्य सातच्या सुमाराला उगवते. मी सहाले उठून खाते ना. तवाही अंधारच असते."

"आन चिमनी साडेपाचलेच बोलली मंग? तिचा का भरोसा हाये?"

आवाजाने उठून आलेल्या भागवतने वाटीतली उरलेली जिलेबी पाहिली आणि हात पुढे केला. गोजराबाईने फटकन त्याच्या हातावर मारलं. "ज्याले अर्धशिशी नाई त्यानं खाल्ली त त्याले लागते. ठेव खाली." ती ज्योत्स्नालाच संपवावी लागली. दुपारी डोकं उठलं.

सहावा आठवडा संपत आला तेव्हा एका दुपारी पुलावर बसून ज्योत्स्नाने ती वही उघडली. लेकरांच्या वजनाचे तक्ते काढण्यात तिची इतकी वर्षं गेली होती. हिरव्या पट्ट्यात, पिवळ्या पट्ट्यात, आणि एखादं लेकरू महिनाभरात खाली घसरलं की घरी जाऊन विचारायचं, या महिन्यात काय झालं? तसाच तक्ता तिने स्वतःचा काढला. खाली वार, वर डोकेदुखी. सोमवार ते शनिवार रेघ जमिनीला टेकलेली. रविवारी उभी. दोनदा ती सोमवारपर्यंत पोचली होती, आणि त्या दोन्ही सोमवारी रामीबाईने लेकरं सांभाळली म्हणून कुलूप टळलं होतं.

रामीबाईला वाचता येत नव्हतं, पण तक्ता तिला कळायचा. ती वाकून बघत म्हणाली, "बाई, हे लेकरू त इतवारालेच बिमार पडते."

ज्योत्स्नाला इतका राग आला की तिने वही मिटून पुलाच्या कठड्यावर आपटली. रोज दहाला झोपून, चहा सोडून, मैलभर चालून ती जे आठवडाभर जमवत होती ते तिची सासू रविवारी पहाटे वाटीभर दुधात बुडवत होती. आणि येत्या सोमवारी वाशिमहून पथक येणार होतं. गावातल्या एकूणएक लेकराचं वजन आणि उंची त्यांच्यासमोर घ्यायची होती. त्या दिवशी रामीबाई काय करणार? रविवारी डोकं उठलं आणि सोमवारी उतरलं नाही, तर नोटीस ठरलेली.

घरी जाऊन तिने तक्ता सासूपुढे धरला. बोटाने एकेक रेघ दाखवली. गोजराबाईने वांगी चिरता चिरता ऐकून घेतलं.

"रोग निंगताना त्रास देतेच," ती म्हणाली.

"आई, रोग निघून नाई राह्यला. मी पहाटे उठते म्हणून तो येऊन राह्यला. डॉक्टरनं हेच सांगतलं होतं."

"डॉक्टरनं. झोपाचं औसद कोनी आयकलं हाये का? मी का झोपली व्हय कधी?"

"म्हणूनच तर तुमी—" ज्योत्स्नाने वाक्य गिळलं. म्हणूनच तर तुमी सगळ्यायच्या अंगावर धावता, असं तिच्या जिभेवर आलं होतं. "हे पाहा, सोमवारी वाशिमचे लोकं येऊन राह्यले. या इतवारी मले उठवू नका. एवढं ऐका."

"हो," गोजराबाई म्हणाली.

इतक्या लवकर आलेला हा "हो" ज्योत्स्नाला चांगला ओळखीचा होता. शनिवारी संध्याकाळी भागवत शिरपूरहून आला तेव्हा त्याच्या पिशवीत कागदाचा तेलकट पुडा होता. तो नजर चुकवून आत गेला. विचारलं असतं तर म्हणाला असता, मले आईनं सांगतलं, मी आनली. तिने विचारलंच नाही. त्या आठवड्यात रातची लाईन होती, तो जेवून शेतात गेला. ज्योत्स्नाने दहा वाजता आपल्या खोलीचं दार लावलं आणि आतून कडी घातली.

या घरात सून आतून कडी घालत नाही. तसा कोणी नियम सांगितला नव्हता, पण कडी एवढी गंजलेली होती की ती सरकवायला तिला चपलेने ठोकावं लागलं, आणि तो आवाज पलीकडच्या खोलीत गेला असणार.

साडेचारला कडी खुळखुळली. ज्योत्स्ना टक्क जागी झाली. बाहेरून दार हलकंच ढकललं जात होतं, सोडलं जात होतं, पुन्हा ढकललं जात होतं. बांगड्यांचा आवाज आला. हाक नाही, शब्द नाही. बोललं तर उपाय मोडतो ना! म्हातारी बिचारी दाराबाहेर वाटी धरून मुकी उभी होती, आणि आत ज्योत्स्ना डोळे मिटून, दात आवळून पडली होती. संताप येत होता तो आधी स्वतःचाच. कडी घालून मिळवलं काय? जाग तर आलीच. झोप म्हणे ठरवून घ्यायची असते. या घरात ठरवून मरता येईल, पण झोपता येणार नाही.

मग दार हलायचं थांबलं. बाहेर काहीतरी खाली बसल्यासारखा आवाज झाला. ज्योत्स्नाने कूस बदलली आणि मनात लेकरांची नावं घ्यायला सुरुवात केली, वजनाच्या यादीतल्या क्रमाने. चौदाव्या लेकराच्या पुढे तिला काही आठवलं नाही.

जाग आली ती बरोबर सहाला. दार उघडलं तर गोजराबाई घोंगडी गुंडाळून उंबरठ्याशी बसलेली, डोकं चौकटीला टेकलेलं. शेजारी वाटी. वाटी रिकामी होती.

"जिलबी कुठं गेली?" ज्योत्स्नाने विचारलं. खरं तर तिला माफी मागायची होती, पण पहिला प्रश्न हाच निघाला.

"खाल्ली."

"कोणी?"

"मीनंच. वाया जाऊ द्याची नसते."

ज्योत्स्नाने वाटीकडे पाहिलं. "पण तुमीच म्हणता ना, ज्याले अर्धशिशी नाई त्यानं खाल्ली त त्याले लागते."

गोजराबाईने डोकं चौकटीवरून उचललं नाही. एकच डोळा उघडा ठेवून तिने सुनेकडे पाहिलं. "मंग? मले डोस्कं नाई का?"

निंबावर आता खरोखरच्या चिमण्या बोलत होत्या. ज्योत्स्ना खाली, तिच्या समोर बसली.

"केव्हापासून?"

"भागवत पोटात होता तवापासून. आठ दिसात एक डाव, कधी दोन डाव. अर्धंच दुखते, ह्या बाजूनं." तिने फडक्यावरून उजवीकडे हात फिरवला. "आवळून बांधलं का जरा बरं वाटते."

"कोणाले सांगतलं नाई?"

"सांगतलं ना. तुह्या सासऱ्याले सांगतलं. थे म्हने, बाई नखरे करून राह्यली. मंग नाई सांगतलं."

"आन हा उपाय?"

"माह्या मायनं सांगतला होता. पन आपल्या हातानं घेतला त गुन येत नाई. दुसऱ्यानं उठवून द्या लागते." गोजराबाईने रिकामी वाटी उचलून पदराने पुसली. "मले कोन उठवून देनार होतं? मीच त सगळ्यायच्या आंधी उठत होती."

ज्योत्स्नाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाच तिला राग आला, कारण रडलं की तिचं डोकं उठायचं. उठून तिने चहा ठेवला. इतकी वर्षं ती गावातल्या घराघरात जाऊन बायांना विचारत होती, ताई, काही त्रास? चक्कर येते का? डोकं दुखतं का? वहीत लिहीत होती, वर पाठवत होती. आपल्या घरात कपाळाला फडकं आवळून फिरणाऱ्या बाईला मात्र तिने एकदाही विचारलं नव्हतं. आईचा वार आहे, म्हणून तीही हसली होती.

तो रविवार तिने डोळ्यापुढच्या रेघेची वाट बघत घालवला. रेघ आली नाही. दुपारी डोकं उठलं ते गोजराबाईचं. एक डोळा बारीक करून ती भाकरी थापत होती आणि मध्येच थांबून कपाळ भिंतीच्या गारव्याला लावत होती. ज्योत्स्नाने परात ओढून घेतली, तिला आतल्या खोलीत निजवलं आणि खिडकीवर घोंगडी टांगली. भागवतने अंगणातून "जेवाले काय हाये?" असं मोठ्याने विचारलं तेव्हा ती बाहेर जाऊन त्याला एवढंच म्हणाली, "आवाज करू नका," आणि तिचा चेहरा बघून तो खरंच गप्प बसला.

सोमवारी अंगणवाडी नऊला उघडली. पथक आलं. लेकरं रडली, काट्यावर मुतली, उंचीच्या पट्टीला लोंबकळली, रामीबाईने दोघांना काखेत धरून आणलं. ज्योत्स्नाला प्रत्येकाचा चेहरा पूर्ण दिसत होता. जाताना सुपरवायझर मॅडम नुसत्या "बरं आहे ना आता?" म्हणाल्या आणि गाडीत बसल्या. नोटिशीचा विषय तिथेच संपला.

घरातला विषय मात्र आता कुठे सुरू झाला होता. ज्योत्स्नाने वहीच्या मधोमध रेघ मारली. एका बाजूला स्वतःचं नाव लिहिलं, दुसऱ्या बाजूला गोजराबाईचं. रात्री दहा, सकाळी सहा. डोकं आवळणारं फडकं तूर्त राहू दे, पण चारला उठायचं नाही.

"सडा कोन टाकन?" गोजराबाईने विचारलं.

"सहाले टाकू."

"सहाले सडा टाकते का कोनी? लोकं काय म्हनतीन? आन म्हैस? म्हशीले का डॉक्टरनं सांगतलं हाये?"

म्हशीची धार भागवतकडे गेली. पहिल्या दिवशी म्हशीने त्याला लाथ मारली, आणि तो आवाज ऐकून गोजराबाई चार पावलांत गोठ्यात. वहीत लिहिलं, उठल्या ४.५०. दुसऱ्या दिवशी ती चारला उठली आणि अंधारात बसून राहिली, कारण उठायचं नाही असं सांगितलं होतं, बसायचं नाही असं नाही. तिसऱ्या दिवशी ती झोपून राहिली, पण डोळे उघडे ठेवून, आणि सहाला पहिलं वाक्य, "दोन घंटे वाया गेले माह्ये." चौथ्या दिवशी तिने ज्योत्स्नाला रात्री साडेदहाला उठवून विचारलं, आता झोपलं त चालते का? ज्योत्स्नाने भिंतीकडे तोंड केलं. हा गुण भागवतने कोणाकडून घेतला ते तिला आज कळलं.

गोजराबाईला वाशिमला डॉक्टरकडे न्यायचंच होतं, पण ती म्हणाली, आंधी पाच इतवार. बरं. शनिवारी ज्योत्स्नाने भागवतला शिरपूरहून जिलेबी आणायला सांगितलं.

"आता कोनासाठी?" त्याने विचारलं.

"तुमच्या आईसाठी. त्यायले तुमच्या जन्माच्या आधीपासून अर्धशिशी आहे."

भागवत गाडीला किल्ली लावून तसाच उभा राहिला. "मंग मले कोनी सांगतलं काहून नाई?" तो म्हणाला. येताना त्याने पुडा नेहमीपेक्षा मोठा आणला.

रविवारी ज्योत्स्ना सहाच्या जरा आधी उठली. बाहेर काळोखच होता, निंब गप्प होता. तिने दूध तापवलं, जिलेबी बुडवली आणि वाटी घेऊन, न बोलता, सासूच्या खोलीत गेली. गोजराबाई उताणी झोपली होती. तोंड उघडं, एक हात अंथरुणाबाहेर, आणि चक्क घोरत होती. या घरात येऊन सोळा वर्षं झाली, पण झोपलेली गोजराबाई ज्योत्स्नाने आज पहिल्यांदा पाहिली.

पायाचा अंगठा पांघरुणाबाहेरच होता. तिने हात पुढे केला आणि मागे घेतला. उठवलं तर इतक्या मुश्किलीने लागलेली झोप मोडणार. नाही उठवलं तर पहिलाच रविवार जाणार, आणि आयुष्यात एकदा तरी कोणीतरी वाटी घेऊन उभं राहील याची जी बाई एवढी वर्षं वाट बघत होती तिला कळणारही नाही की कोणी उभं होतं. म्हातारी त्या पहाटे दाराबाहेर मुकी उभी होती तेव्हा तिला काय वाटलं असेल ते ज्योत्स्नाला आता उमगलं, आणि उमगून काही उपयोग नव्हता. ती वाटी धरून उभी राहिली. दुधावर साय धरली. निंबावर एक चिमणी बोलली, मग दुसरी. तिने हात लावला नाही.

गोजराबाईला सव्वासातला जाग आली. खिडकीतून ऊन आत आलं होतं. तिने उन्हाकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि उठून बसली ती कडाडतच.

"उठवलं काहून नाई? ऊन पडलं न वं. गेला न माहा इतवार. एक काम सांगतलं होतं, अंगठा हालवाचा, तेही जमलं नाई तुले. आता पुन्यांदा एकपासून कराचं का? काय मरेपर्यंत जिलब्याच खात बसू?"

"हो," ज्योत्स्ना म्हणाली. "पुन्हा एकपासून."

"दूधही थंडं करून टाकलं," गोजराबाई म्हणाली, वाटी ओढून घेतली आणि उन्हात बसून, बडबडत, सगळी खाल्ली. तिचं फडकं रात्री कधीतरी सुटून उशीवर पडलं होतं. कपाळावर त्याचा जुना वळ तेवढा दिसत होता. तिच्या ते ध्यानात आलेलं नव्हतं. ज्योत्स्नाने ते उचललं, घडी केली आणि स्वतःच्या कमरेला खोचलं.